ध्रुव उजव्या हाताला

मुलांना तारे दाखवताना आपण मोठी माणसं काय करतो, तर हात वर करतो, बोट ताणतो आणि म्हणतो, "तो बघ, त्या माडाच्या वर, तो मोठा... दिसला?" आणि पोर म्हणतं, "हो." त्या "हो"वर माझा भरवसा नाही. बऱ्याचदा ते आपलं मन राखायला दिलेलं असतं. पोराला काहीतरी दिसलेलं असतं, पण तोच तारा दिसला की शेजारचा, हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही. माझ्या बोटाच्या टोकावर जो तारा आहे तो माझ्या डोळ्यातून तिथे आहे, दोन फूट खाली उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यातून तेच बोट भलतीकडेच रोखलेलं असतं. म्हणून आधी खाली बसायचं, तिच्या मागे, गालाला गाल लागेल इतकं जवळ, आणि बोटाऐवजी माडाचा एक लांब हीर तिच्याच हातात द्यायचा. मग दिशा सांगायची, "अजून थोडा वर, आता उजवीकडे, थांब." आणि शेवटी, "आता तू मला दाखव." ती जेव्हा स्वतः हीर फिरवून परत त्याच ताऱ्यावर आणते तेव्हा तो तारा तिचा झाला.

मी देवगड तालुक्यातला, समुद्राकाठचा. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण गेला की आमच्या वाडीतली पोरं संध्याकाळी जमतात, कधी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, कधी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि एप्रिल-मेमध्ये मुंबईहून चाकरमान्यांची पोरं आली की त्यात भर पडते. गेली काही वर्षं हे चालू आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलंय, की नवख्या माणसाला ताऱ्यांची नावं देण्याआधी रस्ता द्यावा. आपल्याकडे वाडीत नव्या पाहुण्याला घर सांगताना कोणी घर नंबर सांगत नाही, "एसटी स्टॉपवरून आत या, पिंपळाचा पार लागेल, तिथून डावीकडे, विहीर सोडली की दुसरं घर" असंच सांगतात, आकाशाचंही तसंच सांगितलं पाहिजे. नाव विसरलं तरी चालतं, पारावरून विहिरीकडे कसं जायचं ते विसरता कामा नये.

आणि कोकणातल्या पोरांना तर पहिली खूण फुकट मिळालेली आहे, ती म्हणजे समुद्र. समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. समोर पश्चिम, पाठीमागे पूर्व, उजवा हात उत्तर, डावा हात दक्षिण. होकायंत्र नको, मोबाईल नको. किनारा काही अगदी सरळ रेषेत नाही, थोडा तिरका आहे, आणि खाडीच्या आत वळलेल्या पुळणीवर हा हिशोब चुकतो, त्यामुळे उघडा समुद्र समोर असलेली जागा धरावी. पण सुरुवातीला एवढं पुरतं. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल आहेत, ऐंशीच्या घरातले, आयुष्य होडीवर गेलं, त्यांच्या तरुणपणी जीपीएस नव्हतं. त्यांना मी एकदा विचारलं की रात्री परत कसे यायचात, तर म्हणाले, "जाताना ध्रुव उजव्या हाताक, येताना डाव्या हाताक. इतक्या कळला तरी माणूस घराक येता." किनाऱ्यापासून बाहेर जाणं म्हणजे पश्चिमेला आणि परत येणं म्हणजे पूर्वेला, म्हणून ध्रुव एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. मी हे वाक्य पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो आणि ते त्यांच्या लगेच डोक्यात बसतं, कारण त्यात गंमत कमी आणि काम जास्त आहे, आणि निम्म्या पोरांच्या घरी होडी आहे.

मग ध्रुव शोधायचा. इथे दोन गैरसमज आधी काढावे लागतात. एक म्हणजे ध्रुव हा आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा नाही, मध्यम प्रतीचा आहे, तेजाच्या क्रमात पहिल्या चाळिसातही येत नाही. गोष्टीतला ध्रुवबाळ अढळपदावर बसला म्हणून पोरं काहीतरी झगझगीत शोधत बसतात आणि हिरमुसतात. तर त्यांना आधीच सांगून टाकायचं की तो साधा दिसतो, त्याचं मोठेपण चमकण्यात नाही, जागा न सोडण्यात आहे. दुसरा गैरसमज पुस्तकांनी करून दिलेला आहे. सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरतात आणि कधी मावळत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते युरोपातून बघणाऱ्या माणसासाठी खरं आहे. आपण देवगडला साधारण १६.४ अंश अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुव क्षितिजापासून फक्त सोळा-साडेसोळा अंशांवर दिसतो, आणि सप्तर्षी फिरत फिरत खाली आले की सरळ मावळतात. दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी पोरं विचारतात, "काका, सप्तर्षी खंय आसत?" आणि उत्तर असतं की ते आत्ता जमिनीखाली आहेत, फेब्रुवारीत या. तोवर शर्मिष्ठा आहे, पाच ताऱ्यांची, इंग्रजी एमसारखी, तीही उत्तरेलाच, तिच्यावरून ध्रुवाचा अंदाज घ्यायचा.

अंश म्हणजे काय हे पोरांना कागदावर कळत नाही, हातावर कळतं. हात पूर्ण ताणून धरला की करंगळीची जाडी म्हणजे साधारण एक अंश, मधली तीन बोटं म्हणजे पाच, मूठ म्हणजे दहा, आणि पूर्ण ताणलेली वीत म्हणजे वीसच्या आसपास. लहान मुलाचा हात लहान असतो पण त्याची मूठही लहान असते, त्यामुळे हिशोब जवळपास तोच राहतो, आणि ही गोष्ट त्यांना फार आवडते, की मोठ्या माणसाच्या आणि आपल्या हाताने आकाश सारखंच मोजलं जातं. तर ध्रुव म्हणजे क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर तीन बोटं, आणि वर एक करंगळी. एप्रिलमध्ये सप्तर्षी रात्री उत्तरेला चांगले वर आलेले असतात, तेव्हा त्यांच्या चौकोनातले, शेपटीपासून लांबच्या बाजूचे पुलह आणि क्रतू हे दोन तारे धरायचे, पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा त्याच अंतराच्या पाचपट पुढे नेली की ध्रुव, हे मुठीने पडताळून बघायचं. दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊन एकाच ताऱ्यावर पोचलं की पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. ज्याला दोन वेगळे तारे दिसतील त्याचे डोळे चांगले, असं म्हटल्यावर सगळी पोरं गप्प होऊन बघत राहतात, दुसरं काही सांगावं लागत नाही. मग त्या शेपटीची कमान तशीच पुढे वळवत न्यायची, स्वाती येतो, नारिंगी, ठसठशीत, आणि अजून पुढे गेलं की चित्रा, पांढरी. हा एक रस्ता एप्रिल-मेच्या सुट्टीसाठी पुरेसा आहे. एका रात्रीत एक रस्ता, जास्त नाही. हौशी माणसं पहिल्याच रात्री तीस तारे सांगतात आणि पोरं घरी जाईपर्यंत एकही उरत नाही.

मे महिन्याचं आणखी एक भाग्य आपल्याला आहे. मे मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला, त्रिशंकू उभा असतो. चार तारे, पतंगासारखे, आणि त्याच्या डावीकडे खाली मित्र आणि मित्रक ही झळझळीत जोडी. इंग्लंडमधल्या पोरांना हा आयुष्यभर घरून दिसत नाही. आणि त्रिशंकूचा वरचा तारा क्षितिजापासून किती वर? साधारण सोळा अंश. म्हणजे पुळणीवर मध्ये उभं राहून उजव्या हाताला एक मूठ तीन बोटं एक करंगळी ध्रुव, आणि डाव्या हाताला तेवढ्याच उंचीवर त्रिशंकूचं डोकं. हे मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला स्वतःला इतका आनंद झाला होता की मी घरात सगळ्यांना बाहेर बोलावलं होतं.

पण खरं शिकायचं नक्षत्र मृगच. थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, चार कोपऱ्याला चार तारे आणि मधे ओळीत तीन, हे इतकं स्पष्ट असतं की चार वर्षांचं पोरही एकदा दाखवलं की पुन्हा ओळखतं. चार कोपरे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याला लागलेला बाण, आणि बाण कोणी मारला? त्या तीन ताऱ्यांची रेषा खाली डावीकडे नेली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. उलट वर उजवीकडे नेली की लालसर रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. एका रेषेवर शिकारी, शिकार, रोहिणी, कृत्तिका. ह्या गोष्टीत रक्त आहे, पाठलाग आहे, म्हणून ती पोरांच्या लक्षात राहते आणि गोष्टीबरोबर रेषाही राहते. व्याधाच्या खूप खाली, दक्षिणेला, फेब्रुवारीत नऊच्या सुमारास अगस्त्य एक वीत उंचीवर असतो, तेजात व्याधाच्या खालोखाल. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी समुद्रकिनाऱ्यावरून बघायचा, हे मी कधी चुकवत नाही.

मृगाचे ते तीन तारे आकाशाच्या विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहेत म्हणून ते जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात आणि बरोबर पश्चिमेला मावळतात. एप्रिलच्या शेवटी रात्री साडेनऊ-दहाच्या दरम्यान ते समुद्रात उतरतात. तेव्हा पुळणीवर काठीने वाळूत त्या दिशेला रेघ मारून ठेवायची, सकाळी येऊन बघायचं, ती तुमच्या गावाची खरी पश्चिम. आपला किनारा किती तिरका आहे हे त्या रेघेवरून पोरांनाच कळतं.

आता मिरग. कोकणातल्या पोराला मृग हे नाव आकाशातून नाही, पावसातून माहीत असतं. ७-८ जूनला मिरग लागतो, कोंबडं कापतात, वडे होतात, शेताची कामं सुरू होतात. त्यामुळे एका चौथीतल्या मुलीने मला जूनमध्ये विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता, "काका, मिरग लागलो, मगे तो दिसत कित्याक नाय?" ढग आहेत म्हणून, असं उत्तर देऊन सुटता आलं असतं, पण ते खरं उत्तर नाही. ढग नसते तरी दिसला नसता. त्यावर बोलण्यापेक्षा आम्ही पडवीत खेळ केला. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सत्तावीस नक्षत्रांची नावं लिहिली आणि पडवीच्या चारी बाजूंनी, खांबांना, खिडकीच्या गजांना, दोरीवर, क्रमाने लावून टाकली, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. मधे जमिनीपासून पोरांच्या डोळ्याएवढ्या उंचीवर एक बल्ब टांगला, तो सूर्य. बाकी दिवे बंद. ती मुलगी पृथ्वी. तिला सांगितलं की बल्बभोवती अशी उभी राहा की बल्बच्या बरोबर मागे 'मृग' लिहिलेलं पान येईल. ती सरकत सरकत तिथे आली आणि डोळे किलकिले करून म्हणाली, उजेडात पान वाचताच येत नाही. तेच तर. जूनमध्ये सूर्य मृगाच्या दिशेला असतो, म्हणून मृग दिवसा डोक्यावर असतो आणि सूर्याबरोबर मावळतो. मग तिला तिथेच वळायला सांगितलं, बल्बकडे पाठ. समोर कोण? ज्येष्ठा, मूळ. जूनच्या मध्यरात्री ढगांच्या वर ती असतात.

मग ती एक एक पाऊल पुढे सरकत गेली आणि बल्बच्या मागे पानं बदलत गेली, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा... आणि पडवीत बसलेल्या आजी लोकांनी एकदम त्यात भाग घेतला, पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा, हस्त म्हणजे हत्तीचा. आजींना क्रम तोंडपाठ होता, पोरांना नव्हता, आणि नेमकं काय घडतं हे आता पोरांना दिसत होतं. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, सत्तावीस नक्षत्रांत वर्ष संपतं. ती मुलगी अर्धा फेरा मारून पलीकडे गेली, डिसेंबरात पोचली, बल्बकडे पाठ केली आणि समोर मृगाचं पान लख्ख दिसलं. बाहेर धो धो पाऊस चालला होता. कोकणात जून ते सप्टेंबर आकाश बंद म्हणून कोणी चुकचुकलं की मी म्हणतो, पडवी आहे ना, बल्ब आहे ना, हे चार महिने आत बसून रस्ते पाठ करायचे.

ह्या कामाची परंपरा आपल्याच मातीत आहे हेही मुलांना सांगावं असं मला फार वाटतं. दापोलीजवळच्या मुरूडला १८५३ मध्ये जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते, आणि त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, इतका मोठा की आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. पंचेचाळिशीच्या आसपास गेले. त्यांनी सर्वसामान्य माणसाला रात्रीचं आकाश कळावं म्हणूनही सोप्या मराठीत लिहिलं. कोकणातला एक मास्तर एकोणिसाव्या शतकात हे करून गेला, शाळेत त्यांचा फोटो असायला हवा.

चंद्राबद्दल थोडं. आकाश बघणारे चंद्राला वैतागतात, तारे पुसतो म्हणून, पण लहान मुलासाठी चंद्र हाच पहिला गुरू. मच्छीमारांच्या पोरांना तिथी कॅलेंडरशिवाय माहीत असते, कारण उधाण कधी आणि भांग, म्हणजे कमी जोराची भरती, कधी हे घरात रोज बोललं जातं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, हा हिशोब इथल्या माणसाला येतो. मग त्यालाच जोडून सांगायचं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि चंद्रही रोज सरासरी तेवढाच उशिरा उगवतो, ह्या दोन गोष्टी एकच आहेत. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेला असतोच, आजीचा उपास त्यावरच सुटतो, तिथून पुढच्या रात्री मोजत जायच्या. तारे बघायला वद्य अष्टमी ते अमावास्या उत्तम, संध्याकाळी चंद्र नसतो. आणि त्रिपुरारी पौर्णिमेला देवळात दीपमाळ लागते तेव्हा मान वर करून बघा, चंद्राजवळ कृत्तिका असतात, कार्तिक महिना त्यांच्यावरूनच आहे. पौषात पुष्य, माघात मघा, चैत्रात चित्रा. म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर हाच अर्धा नकाशा झाला.

साहित्याबद्दल लोक मला विचारतात, कुठला टेलिस्कोप घ्यावा, कुठलं अ‍ॅप घ्यावं. माझं मत स्पष्ट आहे, पहिलं वर्षभर काही घेऊ नका. अ‍ॅप वाईट नाही, स्टेलेरियम तर फारच छान आहे, पण पहिल्यांदाच मोबाईल वर धरला की पोर स्क्रीन बघतं, आकाश बघत नाही, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात ती एका नोटिफिकेशनने वाया जातात. घरी जाऊन पडताळायला अ‍ॅप वापरा. वर्षभराने घ्यायचंच असेल तर दहा बाय पन्नासची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्या, वाढदिवसाला मिळणारा हलणाऱ्या स्टँडचा टेलिस्कोप नको, त्यातून गुरू शोधता शोधता पोर कंटाळून जातं. द्विनेत्रीतून कृत्तिका बघा, हात एखाद्या दगडावर टेकवून गुरूचे चार उपग्रह बघा, आणि नोव्हेंबरच्या रात्री देवयानी तारकासमूहातला तो धुरकट ठिपका बघा, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका.

एक गोष्ट मात्र घ्याच, टॉर्च. सड्यावर आकाश चारी बाजूंनी मोकळं मिळतं, एकही झाड आडवं येत नाही, पण कातळावर फुरसं, हा विषारी साप, असतं आणि ते अंधारात अजिबात दिसत नाही. चालताना टॉर्च पांढराच, पायात बंद बूट, बसायच्या जागी आधी उजेड फिरवून बघायचा, दगड हाताने उचलायचा नाही. बसलो की मग टॉर्चला लाल जिलेटिन पेपरचे दोन-तीन पदर आणि रबरबँड, लाल उजेडाने डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही.

अंधारही आता कमी होत चाललाय, हे मला आतून टोचतं. गावागावात एलईडीचे पथदिवे आले, गरजेचे आहेतच, पण त्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी माडांच्या शेंड्यांवर आणि आकाशात जातो. वरून एक साधी टोपी बसवली तर रस्ताही नीट दिसेल आणि आकाशही. आणि पश्चिमेला क्षितिजावर कधी कधी एक पांढरी रांग दिसते, पोरं विचारतात हे कुठले तारे, तर ते एलईडी लावून मासेमारी करणारे ट्रॉलर. २०१७ मध्ये केंद्राने ह्यावर बंदी घातली, तरी दिवे दिसतात. रापणवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, आणि छोट्या होडीवाल्या घरातली पोरं त्या दिव्यांबद्दल जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही, पण त्यांना तो प्रश्न माझ्यापेक्षा चांगला कळतो.

पोरांना सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर वयाचा तारा. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तरी ताऱ्यावरून इथे यायला त्याला वर्षं लागतात. व्याधाला साडेआठ वर्षं. म्हणजे साडेआठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात आज जो व्याधाचा उजेड शिरतोय तो तो जन्मला तेव्हा तिथून निघालेला. प्रश्वा साडेअकरा, श्रवण सतरा, अभिजित पंचवीस, स्वाती सदतीस, ब्रह्महृदय त्रेचाळीस, रोहिणी पासष्ट. हे एकदा सांगितलं की पोरं घरी जाऊन सगळ्यांची वयं विचारत सुटतात, आई कुठल्या ताऱ्याची, मावशी कुठल्या. मधल्या वयांना तारा मिळत नाही म्हणून भांडणंही होतात. एका संध्याकाळी तांडेल आजोबांनी स्वतःच विचारलं, "माझो तारो खयचो?" त्यांच्यासाठी मघा आहे, एकोणऐंशी प्रकाशवर्षं. फेब्रुवारीच्या रात्री पूर्वेला वर येताना पोरांनी त्यांना तो दाखवला, हीर त्यांच्या हातात देऊन, त्यांच्या मागे उभं राहून. ते बराच वेळ बघत होते आणि म्हणाले की हा तारा आपण होडीवरून कित्येक वेळा बघितलाय, पण आपल्याच वयाचा आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

यंदा त्यांच्याच बोलण्यावरून आम्ही कमाल केली. कमाल म्हणजे अरबी समुद्रातल्या जुन्या नाखव्यांचं साधन, लाकडाची एक चौकोनी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि ध्रुव वरच्या कडेला टेकतो का बघायचं. टेकला तर त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर तुम्ही आलात, मग फक्त पूर्वेला वळायचं, बंदर समोर. प्रत्येक बंदराची एक गाठ. आम्ही बारा सेंटीमीटर उंचीचा जाड पुठ्ठा कापला, मधे भोक पाडून सुतळी ओवली, आणि किनाऱ्याच्या टोकाला, जिथे पाणी उत्तरेलाही दिसतं तिथे, तिन्हीसांजेनंतर क्षितिजाची रेघ दिसतेय तोवर एकेकाने दातात दोरी धरून बघितलं. सुमारे बेचाळीस सेंटीमीटरवर गाठ आली. आमच्या गावाची गाठ. पोरांनी ती लाल मार्करने रंगवली.

त्या चौथीतल्या मुलीचे बाबा मुंबईला असतात, तिने लगेच विचारलं की मुंबईची गाठ कुठे. मुंबई एकोणीस अंशावर, तिथे ध्रुव आपल्यापेक्षा अडीच अंश वर, म्हणून पुठ्ठा डोळ्याच्या जवळ आणायचा, छत्तीस सेंटीमीटरच्या आसपास. तिने हिशोब करून दुसरी गाठ मारली, आमच्या गाठीपासून सहा सेंटीमीटर आत, आणि रात्री बाबांना फोन लावून बिल्डिंगच्या गच्चीवर पाठवलं, उत्तरेला बघा, दोन मुठींना एक बोट कमी. ते गेले, बिचारे बराच वेळ उभे राहिले, पण समोर उजेडच इतका की काही सापडलं नाही. "बाबांक दिसलो नाय," तिने मला येऊन सांगितलं. गणपतीला येतील तेव्हा इथे ढग असतील, म्हणून तिने शिमग्याचं ठरवलंय. पौर्णिमा असेल ना तेव्हा, मग तारे कसे दिसतील, असं तिच्या भावाने विचारलं. ध्रुव पौर्णिमेलाही दिसतो, आणि चांदण्यात समुद्राची रेघ स्वच्छ असते, कमाल धरायला उलट ती रात्र बरी.